आईचा आवाज, चार बोटांवरून

बाबांचा आवाज आमच्याकडे एका कॅसेटवर आहे. साठ मिनिटांची कॅसेट, त्यातली एकच बाजू भरलेली. १९८९ च्या हरिनाम सप्ताहात चाळीतल्या कुणीतरी टू-इन-वन टेपरेकॉर्डर खुर्चीवर ठेवून बटण दाबलं होतं. खुर्ची नेमकी झांजवाल्यांच्या शेजारी. त्यामुळे पुढे झांजा, त्यांच्या मागे पखवाज, आणि बाबा पलीकडच्या खोलीतून गात असल्यासारखे. तसले टेपरेकॉर्डर आवाजाची पातळी आपली आपणच ठरवायचे. झांज कडाडली की यंत्र सगळंच खाली ओढायचं, बाबांचा स्वर बुडायचा, आणि झांज थांबली की हळूहळू वर यायचा. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. पाळी संपवून आल्यावर हातपाय धुऊन भजनाला बसणाऱ्या त्या माणसाचा भरदार आवाज माझ्या कानात आहे, पण कॅसेटमध्ये तो सापडत नाही.

आईच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही, एवढं मनाशी पक्कं होतं. आई एकोणसत्तर वर्षांची. माहेर कुडाळजवळचं. जात्यावरच्या ओव्या, पाळणे, हळदीची गाणी, गौरी-गणपतीच्या फुगड्या, हे सगळं तिच्या आईकडून तिच्याकडे आलेलं. करोनाच्या काळात तिने आठवेल तसं एका दोनशे पानी वहीत उतरवून काढलं. ४१ गाणी झाली. शब्द वहीत आले, चाली मात्र तिच्या गळ्यातच राहिल्या.

सुरुवात अर्थातच फोनवर केली. दोन ओव्या घेतल्या आणि ऐकताना पोटात गोळा आला. तीच कॅसेट! फोनही आवाज आपल्या मनाने वरखाली करत होता. आईने श्वास घ्यायला थांबावं, की फोनने मागचा पंखा उचलून पुढे आणावा. आईने स्वर लावावा, की पंखा गायब. पस्तीस वर्षांनंतरही मी तेच करत होते.

मग मी माईकच्या शोधाला लागले. ज्याला विचारावं तो एकच सांगायचा: गळ्यासाठी मोठ्या डायफ्रामचा, म्हणजे आवाजाने हलणाऱ्या मोठ्या पडद्याचा, कंडेन्सर जातीचा माईक घ्या, सगळे स्टुडिओ तोच वापरतात. ऐकलं आणि मध्यम किमतीचा एक घेतला. बरोबर लॅपटॉपला जोडायचा छोटा इंटरफेस, माईकचा आवाज लॅपटॉपमध्ये पोचवणारी डबी. केबल आणि स्टँडसाठी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेले. तिथल्या एका दुकानदारांनी केबलच्या तीन पिनांचा उलगडा करून दिला. एक पिन अर्थची आणि उरलेल्या दोनमधून तोच आवाज एकमेकांच्या उलट जातो. वाटेत शिरलेली खरखर मात्र दोन्ही तारांत सारखीच शिरते. पलीकडे एकीतून दुसरी वजा केली, की खरखर कटते आणि आवाज दुप्पट होतो. इतकी साधी आणि इतकी हुशार गोष्ट मी फार दिवसांत ऐकली नव्हती. घरी येईपर्यंत तीच डोक्यात घोळत होती.

तो एप्रिल महिना होता. लालबागमध्ये राहणाऱ्यांना एप्रिल म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. मसाल्याची गल्ली जवळ, मिरची कांडपाची मशिनं सकाळपासून चालू. एरवी आम्हाला ती ऐकूच येत नाहीत, कान सरावलेले. कंडेन्सरला मात्र ती ऐकू आली. धप्‌ धप्‌ असा ठोका जमिनीतून, स्टँडच्या पायातून वर चढून आवाजात येत होता. त्याशिवाय खालच्या फ्लायओव्हरवरच्या गाड्या, चाळीच्या सामायिक गॅलरीतल्या चपला, शेजारच्या काकूंचा कुकर. आई ह्या सगळ्याच्या मधोमध, अगदी स्पष्ट, पण एकटी नव्हे. आमची खोली दहा बाय बाराची, खाली फरशी, एका भिंतीला लोखंडी कपाट, दुसरीला भांड्यांची मांडणी. आईचा प्रत्येक स्वर भिंतींवर आपटून किंचित उशिराने परत येत होता आणि माईक तोही इमानाने टिपत होता. बाथरूममध्ये गायल्यासारखं वाटायचं ते त्यामुळे.

माईक वाईट नव्हता. तो फार ऐकत होता.

ठोक्यावर उपाय मिळाला. माईक रबरी दोऱ्यांच्या झुल्यात टांगला, स्टँडखाली पायपुसण्याची चौघडी घातली आणि ८० हर्ट्‌झच्या खालचा आवाज कापणारं फिल्टर लावलं. बाईच्या गाण्यात त्याच्या खाली काही नसतंच, त्यामुळे आईचं काही गेलं नाही आणि कांडप गेलं. बाकीचा गोंगाट तिथेच राहिला.

जुलैत नवीनच प्रकार. माईक चालू केला की चट्‌ चट्‌ चट्‌, ओल्या लाकडाने पेट घ्यावा तसा. मला वाटलं, गेला. कंडेन्सरच्या आत सोन्याचा अतिपातळ मुलामा दिलेला एक पडदा असतो आणि त्याच्यामागे केसाच्या जाडीइतक्या फटीवर धातूची तबकडी. त्या दोघांमध्ये विजेचा भार धरून ठेवलेला असतो. पडदा हलला की फट कमी-जास्त होते आणि त्याचाच आवाज बनतो. मुंबईच्या पावसाळ्यात त्या फटीत दमट हवा बसली की तो भार गळू लागतो. ती चटचट त्या गळतीची होती. तेव्हापासून माईक पापडाच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांच्या सोबतीने राहतो. पुड्यांचा रंग बदलला की त्या मंद आचेवर कोरड्या करून परत आत. फुंकर मारून साफ करायचा मोह होतो, तो टाळावा. फुंकरीत दमटपणाच असतो. दोन दिवस डब्यात राहिल्यावर माईक ठणठणीत झाला, पण माझी उमेद खचली होती. पुढे गणपती आले, आणि गणपतीत लालबागमध्ये रेकॉर्डिंग हा शब्दच काढायचा नसतो.

ऑक्टोबरमध्ये अंधेरीला एका स्टुडिओत दोन तासांची वेळ घेतली. आईला नीट काठापदराची साडी नेसवून टॅक्सीने नेलं. तिथले रेकॉर्डिस्ट पन्नाशीचे, शांत. त्यांनी आईला पाणी दिलं, मावशी म्हणून गावाची चौकशी केली आणि मग मला विचारलं, "रेकॉर्डिंगच करायचंय, की ह्यांच्या आवाजाला काय मानवतं ते बघायचंय?" हा प्रश्न मला तोपर्यंत कुणी विचारला नव्हता. खरं तर मीही स्वतःला विचारला नव्हता.

त्यांनी तीन माईक एकमेकांना खेटून असे लावले, की तिघांचीही तोंडं आईपासून सारख्याच अंतरावर. एक नॉयमनचा यू८७, १९६७ पासून जगभरच्या स्टुडिओंत गळ्यासाठी लावला जाणारा कंडेन्सर. दुसरा शुअरचा एसएम७बी आणि तिसरा शुअरचाच एसएम५८, हे दोन्ही डायनॅमिक, म्हणजे पडद्याला जोडलेलं तारेचं वेटोळं चुंबकात हलून आवाज बनवणारे. तिसरा पाहून मी जरा हिरमुसले, कारण तो तर प्रत्येक मंडपात, प्रत्येक भाषणाला दिसतो. १९६६ पासून बनतोय. आई एकदाच गायली, तिघांनी एकाच वेळी टिपलं. मग त्यांनी तिन्ही आवाजांची पातळी सारखी केली, कारण जो जरा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. नावं झाकली, क, ख, ग अशी पाटी लावली आणि मला म्हणाले, डोळे मिटा.

"क"मध्ये आईचा श्वास, ओठांची उघडझाप, साडीची सळसळ, सगळं होतं. आणि आणखी काहीतरी, बारीक टकटक. तिसऱ्यांदा ऐकल्यावर कळलं, की ती तिच्या कवळीची होती. "च" आणि "झ" मात्र टोचत होते. आपल्या मराठीत "चूल", "चांदणं", "झोप" यांतले च-झ दातांवर घासून निघतात. कवळी लावलेल्या तोंडात ते आणखीच धारदार होतात, आणि ओव्या तर चूल-जातं-झोप ह्यांच्याभोवतीच फिरतात. "ख" मऊ, गोल, थोडा झाकलेला. "ग"मध्ये श्वास कमी होता, सळसळ नव्हती, टकटक नव्हती. तिथे आई ओट्यापाशी उभी राहून गातेय असं वाटलं. मी "ग" म्हटलं. पाटी उलटली तर एसएम५८.

रेकॉर्डिस्टना नवल वाटलं नाही. ते म्हणाले, मावशींचा आवाज पातळ आहे, वरचा भाग आधीच भरपूर. ज्या माईकला सगळं वरचं ऐकू येतं तो तेच आणखी दाखवणार. ह्यांना जरा कमी ऐकणारा जोडीदार हवा. एखाद्या घोगऱ्या, जड गळ्याचा माणूस समोर असता तर त्यांनी निवड नेमकी उलटी केली असती, हेही त्यांनी सांगितलं. ते वाक्य मी जपून ठेवलं आहे, कारण "गळ्यासाठी अमुकच माईक घ्या" असं सांगणारे लोक समोरच्याचा गळा ऐकायच्या आधीच सांगत असतात. त्याचा मला आता मनापासून राग येतो.

दुसरी गोष्ट मला तिथेच दिसली. आई तिथे नीट गात नव्हती. एसी, जाड दार, काचेपलीकडची माणसं, कानावर जड हेडफोन. "थंडी वाजता गो," एवढंच म्हणाली, पण तिची मान ताठ आणि हात मांडीवर घट्ट. घरी ती गाताना उजवा हात जात्याच्या खुंट्यावर असल्यासारखा फिरवते. तो हात तिथे फिरलाच नाही. म्हणून गाणी घरीच घ्यायची आणि माईक एसएम५८ घ्यायचा, हे अंधेरीहून परतताना टॅक्सीतच ठरलं.

निघताना रेकॉर्डिस्टनी अंतराबद्दल जे दाखवलं त्याचा मला सगळ्यांत जास्त उपयोग झाला. आईला त्यांनी तेच गाणं चार बोटांवरून, एका वितीवरून आणि दोन हातांवरून गायला लावलं. दिशा धरून ऐकणाऱ्या माईकच्या जितकं जवळ जावं तितका आवाजाचा खालचा भाग वाढतो. भाषणवाले माईक तोंडाला लावून बोलतात तेव्हा आवाज घुमतो तो त्यानेच. सगळे हा दोष मानतात. आईच्या पातळ आवाजाला मात्र चार बोटांवर जे अंग आलं, ते ऐकून तिची तिलाच ओळख पटेना. "माझो आवाज असो आसा?" तिने विचारलं. शिवाय अंतर दुप्पट झालं की समोरचा आवाज सहा डेसिबलने उतरतो, खोलीचा आणि रस्त्याचा मात्र तेवढाच राहतो. म्हणजे जवळ येणं हाच आमच्या चाळीवरचा उपाय होता. तेव्हा त्यांनी जुन्या काळची एक आठवण काढली. १९४९ च्या "महल"मधल्या "आएगा आनेवाला"च्या सुरुवातीच्या ओळी दुरून जवळ येत आहेत असं वाटावं, म्हणून लता मंगेशकर खोलीच्या कोपऱ्यातून गात गात माईकपर्यंत चालत आल्या होत्या. आई ते ऐकून खुलली. मग घरी आल्यावर तिला अंतर सांभाळ म्हणून कधी दोनदा सांगावं लागलं नाही.

एसएम५८ घरी आला आणि पहिल्याच दिवशी नवी अडचण. डायनॅमिक माईक फार क्षीण बोलतो. एसएम५८ एका पास्कल दाबाला जेमतेम १.८५ मिलिव्होल्ट देतो. मोठ्या डायफ्रामचे कंडेन्सर सहसा १० ते ३० देतात. माझ्या इंटरफेसचं गेन, म्हणजे आवाज वाढवायची ताकद, ५६ डेसिबलपर्यंत. आई मोकळ्या आवाजात ओवी गायली तर पुरायचं, पण तिने आवाज खाली आणला की मी बटण शेवटाला नेऊन ठेवायचे आणि मागे पावसासारखी सूंऽऽ सुरू. शेवटी माईक आणि इंटरफेसच्या मध्ये जोडायची एक छोटी नळी घेतली. ती इंटरफेसकडून येणाऱ्या ४८ व्होल्टवर चालते आणि आवाज वीसेक डेसिबलने उचलून देते. सूं बरीच बसली.

उरलेली गुणगुण लॅपटॉपच्या चार्जरची निघाली. चार्जर काढून बॅटरीवर काम करू लागले, ती गेली.

खोलीची मांडणी करायला दोन रविवार लागले. हा माईक पाठीमागचं सगळ्यांत कमी ऐकतो, म्हणून त्याची पाठ गॅलरीकडे आणि तोंड आतल्या भिंतीकडे. म्हणजे आई आतल्या भिंतीला पाठ करून, गॅलरीकडे बघत बसली. आता माईकचं तोंड ज्या भिंतीकडे, तिच्यावरून परतणारा आवाज सगळ्यांत घातक. तिथे आजीच्या दोन गोधड्या टांगल्या. मी आधी गोधडी माईकच्या मागे लावली होती, त्याने फार काही साधलं नव्हतं. कपाटाला चादर. फ्रीजचा प्लग काढायचा आणि घराची किल्ली त्या प्लगवरच ठेवायची, म्हणजे बाहेर पडताना तो परत लावायची आठवण राहते.

एवढं करूनही एका ओवीत, नेमक्या वरच्या सुरावर, झिणझिण ऐकू यायची. दोन दिवस केबली बदलून पाहिल्या. तिसऱ्या दिवशी आईनेच मांडणीकडे बोट दाखवलं. तिच्या त्या सुराला स्टीलची एक परात उत्तर देत होती. परात माळ्यावर गेली. बांगड्यांना रुमाल गुंडाळला, कारण हात फिरायलाच हवा होता.

"भ", "फ", "ध" यांचंही सांगायला हवं. तळहात तोंडासमोर धरून "ब" म्हणा, मग "भ" म्हणा. "भ"च्या वेळी हाताला जी फुंकर लागते, ती माईकच्या पडद्यावर थपडेसारखी बसते. आपल्या भाषेत अशी अक्षरं पावलोपावली. चार बोटांवर तर सुटकाच नाही. मी भरतकामाच्या रिंगमध्ये पायमोज्याचं पातळ नायलॉन ताणून बसवलं आणि ते मध्ये धरलं. शिवाय माईक तोंडासमोर न ठेवता ओठांच्या कडेला, थोडा खालून, तिरपा. फुंकर सरळ पुढे निघून जाते, आवाज मात्र पसरून माईकपर्यंत येतोच. त्याच तिरकेपणाने "च" आणि "झ" ची धारही उतरली, कारण तसे बारीक तीक्ष्ण आवाज तोंडासमोरच जास्त एकवटतात. हेच मी नंतर कॉम्प्युटरवर करायला गेले असते तर तिचे सगळेच च बोबडे झाले असते.

पातळीबद्दल एकच नियम पाळला. २४ बिटवर, म्हणजे हळू आवाजही बारकाव्यानिशी टिकेल अशा नोंदीवर, घ्यायचं आणि सगळ्यांत मोठा स्वरही वरच्या टोकापासून दहा-बारा डेसिबल खालीच राहील असं बघायचं. हळदीच्या गाण्यात आई अचानक हाक मारल्यासारखी वर जाते. पहिल्यांदा मी हावरेपणाने पातळी वर ठेवली आणि ती हाक फाटली. ते गाणं पुन्हा घेतलं, पण पहिल्या वेळची हाक दुसऱ्यांदा आली नाही. त्याची रुखरुख अजून आहे.

पाळण्यांसाठी मात्र एसएम५८ कमी पडला. पाळणा आई जवळजवळ कुजबुजत गाते, त्यातला अर्धा गोडवा श्वासात असतो, आणि नेमका श्वासच तो माईक गाळतो. तेव्हा पापडाच्या डब्यातला कंडेन्सर काढला. त्याला शांतता हवी, म्हणून जानेवारीतल्या रात्री निवडल्या. चिंचपोकळी-करी रोडच्या मधून शेवटची लोकल गेली आणि पहिली यायची असली, की लालबागमध्येही दोन-तीन तास असे मिळतात. आई संध्याकाळी झोपून घ्यायची. दीड वाजता उठून कोमट पाणी प्यायची, कवळी काढून ठेवायची आणि वितीच्या अंतरावर बसून गायची. बिनकवळीचा तो बोळका उच्चार तिच्या आईचाच असल्यासारखा वाटतो असं ती म्हणाली. सहा पाळणे तीन रात्रींत झाले. एकाच्या शेवटी दूरवर कुत्रं भुंकलंय. ते मी कापलं नाही. सूर सरळ करणाऱ्या सोयीही वापरल्या नाहीत, तिचा सूर मध्येच चढतो तिथे तो चढलेलाच ठेवला.

२७ गाणी झाली आहेत. उरलेल्या चौदांतल्या नऊ फुगड्या. त्या बसून येतच नाहीत, आईने दोनदा प्रयत्न केला आणि शब्दच विसरली. उभं राहून, फेर धरून, पाय आपटत गायला लागतं, आणि समोर गाणाऱ्या दुसऱ्या बायका लागतात. चाळीतल्या तिघी तयार आहेत. चार बोटांचं अंतर तिथे कामाचं नाही, माईक मध्यभागी उंचावर टांगावा लागेल, बहुधा कंडेन्सर, आणि खाली पायांच्या धमकेसाठी दुसरा. छताला हूक आहे, पाळण्याचाच, मी लहान असतानाचा. ह्या रविवारी त्याला दोरी बांधून बघणार आहे.